रेरा नंबर कुंपणाच्या आतलं सांगतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्याच्या कडेच्या भागात घर घेण्याआधी परिसर तीनदा पाहा, हा माझा सल्ला नोकरदाराला झेपणारा नाही. रेरा नंबर (घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक) आहे, बँकेने कर्ज मंजूर केलंय, बिल्डर नावाजलेला आहे, मग लोकांना उगाच घाबरवता कशाला?

वेळेचा मुद्दा मान्य. दोन फेऱ्यांत काम होतं, कसं ते खाली लिहितो. पण रेरा आणि बँकेबाबत गल्लत होतेय. बँकेचा वकील टायटल, म्हणजे जागेची मालकी, तपासतो, व्हॅल्युअर किंमत ठरवतो, रेरावर प्रकल्पाची नोंद असते. हे सगळं कुंपणाच्या आतलं. नळाला पाणी किती येणार आणि गेटसमोरचा रस्ता पुढे कुठे मिळणार, याची हमी यातलं कुणीच देत नाही.

उलट रेराच्या वेबसाइटवरचं प्रकल्पाचं पान कामाला लावा. तिथली बांधकाम परवानगी डाउनलोड करा आणि मागच्या पानांवरच्या अटी वाचा. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. अशा भागांत ‘महापालिका पाणी देईपर्यंत सोय विकसकाने करायची’ या अर्थाची अट किंवा हमीपत्र सापडतं. सोसायटी ताब्यात आली की तो खर्च गुपचूप मेंटेनन्समध्ये येऊन बसतो. हिशेब करा. 100 फ्लॅट, घरटी 4 माणसं, माणशी 135 लिटर म्हणजे रोज 54,000 लिटर. बोअर आटली की दहा हजार लिटरचे सहा टँकर. टँकर हजार रुपयांना धरला तरी महिन्याला 1,80,000, घरटी 1,800. मे महिन्यात भाव चढतो तो वेगळाच.

आता फेरी. शुक्रवारी सकाळी सात ते नऊ या वेळात जा. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बहुतेकदा गुरुवारी बंद असतं, शुक्रवारी कमी दाबाने येतं. शेजारच्या, चार-पाच वर्षं जुन्या सोसायटीच्या गेटवर टँकर मोजा. विक्री ऑफिसात नको, तिथल्या वॉचमनला विचारा. तो खोटं कशाला बोलेल?

दुसरी फेरी कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहानंतर, स्वतःच्या ऑफिसपासून निघून. ब्रोशरमधला ‘18 मीटर डीपी रोड’ (शहराच्या विकास आराखड्यात आखलेला रस्ता) शेवटपर्यंत चालून बघा. बिल्डर आपल्या जागेतली पट्टी रस्त्यासाठी देऊन त्याबदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (त्याच प्लॉटवर जादा बांधकाम) घेतो, तेवढाच तुकडा गुळगुळीत होतो. पुढचा तुकडा दुसऱ्याच्या शेतात. तिथे ज्वारी उभी असेल तर दोनशे मीटरसाठी रोज दोन किलोमीटरचा वळसा ठरलेला. त्या गट नंबरचा सातबारा ऑनलाइन काढा. रस्त्याच्या पट्टीला महापालिकेचं नाव नसेल, तर संपादन झालं असं धरून चालू नका. बिल्डर कितीही नावाजलेला असो, शेजाऱ्याची जमीन त्याच्या हातात नसते.

झोन दाखला, म्हणजे विकास आराखड्यात जमीन कशासाठी ठेवलीय ते सांगणारा कागद, आपल्या प्लॉटबरोबर चारी बाजूंच्या गट नंबरांचाही काढा. स्मशानभूमी, मैलाशुद्धीकरण केंद्र यांची आरक्षणं शेजारीच निघतात, आणि सॅम्पल फ्लॅटच्या बाल्कनीतून ती मस्त हिरवीगार दिसतात.

नदी-ओढ्यालगत असाल तर पूररेषेचा नकाशा हवाच. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत जुलै 2024 मध्ये पाणी घरांत शिरलं. नकाशा मिळेपर्यंत जुन्या इमारतींचं पार्किंग बघा. खालच्या तीन-चार फुटांनाच नवा रंग, विजेचे मीटर डोक्याच्या वर उचललेले, लिफ्टच्या दाराला तळाशी गंज. असं दिसलं तर तिथे बहुधा पाणी येऊन गेलंय.

मेट्रोबद्दल एकच: नकाशातलं सरळ अंतर धरू नका, चालत जाऊन मिनिटं मोजा.

झोन दाखल्यातल्या आरक्षणाचा अर्थ लागला नाही तर इथेच विचारा. गट नंबर आणि गाव पुरे, फ्लॅट नंबर लिहू नका.