ही माहिती देणे ऐच्छिक आहे

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात यंदा 'कर्मचारी स्वास्थ्य योजना' सुरू झाली आणि तिचे चार पानी अर्ज भरून घेण्याचे काम, माझे अक्षर बरे आहे एवढ्याच कारणावरून, माझ्या गळ्यात पडले. अर्जाच्या माथ्यावर 'ही माहिती देणे ऐच्छिक आहे' असे ठळक छापलेले होते आणि त्याखाली, न देणाऱ्यांची यादी शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर ठेवावी, अशी पेनाने लिहिलेली सूचना होती.

वास्तविक आमच्या कँटीनमध्ये आजारांच्या माहितीचा तुटवडा कधीच नव्हता. तिथे डब्यांच्या आधी दुखणी उघडली जातात. एकाची मूळव्याध, दुसऱ्याचे पित्त आणि तिसऱ्याच्या मणक्यातील गादी यांची साद्यंत हकीकत ऐकतच आम्ही उसळीला हात घालतो, आणि स्टोअरमधले नाना तर आपली साखर क्रिकेटचा धावफलक वाचावा तशी सांगतात : उपाशीपोटी एकशे ऐंशी, जेवणानंतर दोनशे साठ. तेच नाना अर्ज घेऊन माझ्यासमोर बसले आणि मधुमेहाच्या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात 'नाही' असे लिहिले. मी चष्म्यावरून पाहिले तेव्हा ते म्हणाले, "अहो, गोळी चालू आहे, म्हणजे साखर कंट्रोलमध्ये आहे. कंट्रोलमध्ये आहे म्हणजे नाहीच की!" संध्याकाळपर्यंत जमलेले अर्ज चाळले असता आमचा कारखाना ही एक तालीम असून सर्वजण नुकतेच जोर काढून आलेले आहेत, असे कोणाही परक्याला वाटले असते.

व्यसनांच्या रकान्याने माझी अधिकच परीक्षा पाहिली. "तंबाखू?" असे विचारताच लेथवरच्या एका कारागिराने हनुवटी आढ्याकडे करून, तोंडातला ऐवज सांभाळत, "हुं हुं" असा नकार दिला. झाडलोट करणाऱ्या मावशींनी मिश्री हे दात घासण्याचे साधन आहे, व्यसन नव्हे, असे मला ठणकावून सांगितले आणि त्या दिवसातून चार वेळा दात घासतात, ही स्वच्छतेची बाब अर्जात लिहून घ्या, असाही आग्रह धरला.

कंबरेचा घेर सेंटिमीटरमध्ये हवा होता. बहुतेकांनी पँटचा नंबर लिहून दिल्यामुळे आमच्या पुरुषांच्या कंबरा सरासरी चौतीस सेंटिमीटर भरल्या. शेवटी मी शिंप्याची टेप आणली, तेव्हा पँट पोटाच्या खाली बांधली जाते आणि टेप पोटावरून जाते, हा शोध अनेकांना एकाच दुपारी लागला. पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत राहावे असे आपल्याकडचे डॉक्टर सांगतात. तो आकडा गाठण्यासाठी एका सुपरवायझरांनी श्वास रोखून धरला आणि त्याच अवस्थेत ते डोळ्यांनी मला लवकर वाचण्याची विनंती करत राहिले. उंची-वजनाच्या गुणोत्तराचे तर विचारूच नका. हे माप केतले नावाच्या ज्या बेल्जियन गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात काढले, तो डॉक्टर नसून खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता, आणि हे मी हिशेब खात्यातल्या अण्णांना सांगायला नको होते. त्यांची उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६७ किलो आणि गुणोत्तर २४.६ आले. जगाच्या मापाने २५ च्या आत सगळे ठीक, परंतु भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त धरतात. "म्हणजे परदेशात मी सडपातळ आहे," अण्णा म्हणाले, "आणि ग्रह मोजणाऱ्याने माझे पोट मोजायचे कारण काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

रक्ततपासणीच्या दिवशी सर्वांनी उपाशीपोटी यावे, असा फलक मी स्वतः लिहिला होता. नेमकी त्या दिवशी संकष्टी होती. "काही खाल्ले आहे का?" या प्रश्नावर चौघांनी, आपला आज कडक उपास आहे, असे अभिमानाने सांगितले, अधिक चौकशी करता त्या उपासात साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा लाडू आणि एक केळे यांचा समावेश असल्याचे निष्पन्न झाले. त्यांना परत पाठवले, तेव्हा "देवाला चालते ते लॅबला चालत नाही," अशी तक्रार माझ्याच नावावर जमा झाली. काहींनी आठवडाभर जिलबी वर्ज्य करून तयारी केली होती, पण त्या तपासण्यांत एचबीए१सी नावाची एक होती आणि ती ऑडिटरसारखी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब काढते. त्यात ५.७ च्या खाली सुटका, ६.५ पासून मधुमेह आणि मधल्यांना नुसती टांगती तलवार. माझ्या अर्जात मी काय लिहिले होते, असे आपण विचाराल, तर 'नाही'.

अहवाल बंद पाकिटांतून आले. माहिती पूर्णतः गोपनीय राहील, २०२३ साली त्यासाठी कायदासुद्धा झाला आहे, असे एचआरच्या मॅडमनी सर्वांना एकत्र बोलावून सांगितले आणि एकत्रित तक्ता छापायला दिला. आमचा प्रिंटर एकच असून तो पँट्रीच्या दाराशी आहे.

पाकीट घरी जाऊन उघडावे या विचाराने मी ते खणात ठेवले होते. चारच्या चहाला पोऱ्याने सर्वांसमोर नेहमीप्रमाणे ट्रे फिरवला आणि माझ्या टेबलावर एक वेगळा कप ठेवला.

"काका, तुमचा बिनसाखरेचा," तो हळूच म्हणाला. "सहा पॉइंट एक आलंय. नानांपेक्षा लय कमी आहे, काळजी करू नका."