‘पीपीएफ मोडा, सोसायटीत ठेवा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरत आहे. त्याचा आशय असा, की १२ लाखांपर्यंत कर उरलेला नाही आणि बचतीची रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा करू देणारे कलम ८०सी रद्द झाले आहे, म्हणून पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) मोडावे आणि तो पैसा सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत ठेवावा, कारण तिथे टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर) कापत नाहीत, म्हणजे व्याज करमुक्तच. शहापूरचे एक शिक्षक हा मजकूर आणि बारा वर्षे नेमाने भरलेले पीपीएफचे पासबुक घेऊन माझ्याकडे विचारायला आले, तेव्हा याला सविस्तर उत्तर देणे मला गरजेचे वाटले.

कलम ८०सीची वजावट रद्द झालेली नाही. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ही दीड लाखांपर्यंतची वजावट मिळत नाही, एवढेच खरे आहे. जुनी प्रणाली निवडण्याची मुभा अजूनही आहे, आणि पगारदाराला ही निवड दरवर्षी करता येते.

१२ लाखांची गोष्टही अर्धीच सांगितली जाते. ही सूट नव्या प्रणालीत करात मिळणारी सवलत आहे. शेअर विकून झालेल्या, विशेष दराने कर लागणाऱ्या नफ्याला ती लागू नाही.

पीपीएफविषयीचा गैरसमज मात्र सर्वांत महागात पडणारा आहे. रक्कम भरताना मिळणारी वजावट आणि व्याजावरची करमाफी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या प्रणालीत पहिली गेली, दुसरी कायम आहे. त्या शिक्षकांचे प्रमाणित वजावटीनंतरचे (स्टँडर्ड डिडक्शन वजा करून उरलेले) उत्पन्न ११ लाख ८० हजार आहे. त्यांना ठेवींवर ६० हजार व्याज मिळाले, तर उत्पन्न १२ लाख ४० हजार होते आणि पूर्ण सवलत जाते. १२ लाखांवरच्या रकमेइतकाच कर घेण्याची तरतूद असल्याने कर ४० हजार, आणि उपकर धरून ४१ हजार ६०० रुपये भरावा लागतो. म्हणजे ६० हजारांतले हाती उरतात १८ हजार ४००. हेच व्याज पीपीएफचे असते, तर ते उत्पन्नात धरलेच गेले नसते आणि करही शून्य राहिला असता. शिवाय हे खाते मनात आले म्हणून मोडता येत नाही. पाच वर्षांनंतरही गंभीर आजार, उच्च शिक्षण अशा ठरावीक कारणांसाठीच ते मुदतीआधी बंद होते.

आता सोसायटीविषयी. आपल्याकडे गल्लीच्या तोंडाशी पतसंस्था किंवा सौहार्द सहकारी संस्था असते, रोज संध्याकाळी दुकानावर रोजची छोटी ठेव गोळा करणारा पिग्मीवाला येतो, आणि अडीअडचणीला कर्जही तिथेच मिळते. या संस्थांनी विणकरांना आणि छोट्या दुकानदारांना दिलेला आधार मी जवळून पाहिला आहे. पण टीडीएस ही कर वसूल करण्याची एक रीत आहे, तो न कापणे म्हणजे माफी नव्हे. सभासदांच्या व्याजावर बहुतेक पतसंस्थांना टीडीएस कापावा लागत नाही, तरी ते व्याज विवरणपत्रात ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवावेच लागते. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर कर लागणार नाही हे मान्य. पण त्याचे कारण सोसायटी नव्हे. सर्वांत काळजीची बाब मजकुरात आलेलीच नाही: सहकारी बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत ठेवविम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. निवृत्तीची सगळी पुंजी तिथे नेणाऱ्याला हे आधी सांगायला नको का?

शिक्षकांच्या खात्याची मुदत पुरी व्हायला तीन वर्षे उरली आहेत. महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरलेल्या रकमेवरच त्या महिन्याचे व्याज मिळते, म्हणून पुढचा भरणा ५ एप्रिलच्या आतच करतो, असे सांगून ते पासबुक पिशवीत घालून गेले.