'भरपाई रोखीत घ्या, टॅक्स वाचेल': या मेसेजमध्ये काय चूक आहे

"कामावर अपघात झाला तर आयुक्ताकडे जाऊ नका, तिथल्या भरपाईवर 30 टक्के टॅक्स कापतात. मालकाकडून रोख घ्या, सही करा, मोकळे व्हा." जळगाव एमआयडीसी, धुळ्याचे यंत्रमाग, शहाद्याकडची जिनिंग, सगळीकडे हा मेसेज फिरतोय (आयुक्त म्हणजे कामावरच्या अपघाताच्या भरपाईचे दावे ठरवणारा सरकारी अधिकारी, कायद्यात 'सक्षम अधिकारी'). आधीच कोसळलेल्या घराचं तो लाखोंचं नुकसान करतो.

"30 टक्के टॅक्स." साफ खोटं. अवयव किंवा जीव गेल्याबद्दलची भरपाई ही कमाई नव्हे. कमावण्याची ताकद गेली त्याचा तो मोबदला. म्हणून ती उत्पन्नात धरत नाहीत, वारसांना मिळालेलीही नाही. 30 टक्के खरंच लागतात ते दुसऱ्या जागी: अंगठा तुटला तर कामगार भरपाईच्या कायद्यातल्या अनुसूचीत (यादीत) कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं धरतात. वय 30, पगार 15,000 (हिशेबात याहून जास्त धरत नाहीत) असेल तर पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले वयाचा गुणक 207.98, झाले 18,71,820. त्याचे 30 टक्के 5,61,546 रुपये. मुकादम पन्नास हजारांचं पाकीट पुढे करतो तेव्हा हा आकडा डोक्यात असू द्या. ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा महामंडळात) नाव असेल तर मात्र दावा मालकावर नाही, ईएसआयसीकडे.

"रोखीत घ्या." एका व्यवहारात 2 लाख किंवा जास्त रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. कामगार दगावला असेल तर भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा व्हावी लागते. तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम सोडली, तर मालकाने परस्पर विधवेच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. शिवाय आयुक्तामार्फत ठरलेल्या भरपाईवर सावकाराला किंवा सोसायटीला जप्ती आणता येत नाही.

टॅक्स लागू शकतो तो उशिराबद्दलच्या व्याजावर, तोही मिळालेल्या वर्षात आणि निम्मी रक्कम वजा करून. मोटार अपघाताच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2019 साली निकालाच्या तारखेपर्यंतचं व्याजही करमुक्त मानलं. म्हणून आदेशात मूळ भरपाई आणि व्याज वेगवेगळं लिहून मागा. रजेच्या काळात मालकाने दिलेला पगार हा पगारच, आणि भरपाई एफडीत ठेवली तर तिचं व्याज उत्पन्नच. पण नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. बँकेने टीडीएस कापलाच तर 26एएस (आयकर खात्याकडची कापलेल्या टॅक्सची नोंद) बघून रिटर्न भरा, पैसे परत मिळतात.