सिंगापूरच्या हॉकर सेंटरमधल्या 300 डॉलर दंडाबद्दल

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, सिंगापूरला हॉकर सेंटरमध्ये (म्हणजे एका छताखाली खाण्याचे बरेच स्टॉल आणि सगळ्यांना मिळून टेबलं) जेवून ट्रे टेबलवर ठेवून उठलात की जागेवर 300 डॉलर दंड, म्हणून तिथे जेवूच नका. अहो असं नाहीये! नियम खरा आहे, हॉकर सेंटरमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली, पण पहिल्या वेळी लेखी वॉर्निंग मिळते, 300 डॉलर दुसऱ्यांदा सापडलात तर आणि त्यानंतरही तेच केलं तर मात्र कोर्टात जावं लागू शकतं. थकलेले आजीआजोबा, अपंग माणसं, लहान मुलं यांच्यावर कारवाई करत नाहीत, त्यामुळे आईबाबांना घेऊन जाणाऱ्यांनी उगाच घाबरू नका.

करायचं काय, तर ट्रे, वाट्या, वापरलेले टिश्यू, स्ट्रॉ सगळं उचलून रॅकवर ठेवायचं, बास. फक्त बऱ्याच ठिकाणी हलाल आणि नॉन-हलाल भांड्यांचे रॅक वेगळे असतात, वर पाटी असते ती वाचा, हे मला दंडापेक्षा महत्त्वाचं वाटतं कारण समोरच्याच्या धर्माचा प्रश्न आहे. आणि रिकाम्या टेबलवर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ते कुणी विसरलेलं नसतं, जागा धरलेली असते, आपण एसटीत रुमाल टाकतो ना अगदी तसं, तिथे याला चोप म्हणतात.

लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरला डोसा, बिर्याणी सगळं मिळतं. प्लीज जा, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका.