आमचं वर्ष अकरा महिन्यांचं

पंचांगात क्षयमास, म्हणजे गळालेला महिना, यायला निदान १९ वर्षं लागतात, कधीकधी १४१. आमच्या घरी तो दर वर्षी येतो. लग्नाला सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून मुंबईत आमचं वर्ष अकराच महिन्यांचं आहे. बारावा महिना घर शोधण्यात, खोकी भरण्यात आणि गॅसवाल्याला नवा पत्ता समजावण्यात कुठे जातो ते कळतच नाही.

भाडेकरार अकराच महिन्यांचा का, असं एकदा एजंटला विचारलं. म्हणाला, "पद्धत आहे सर." खरं म्हणजे वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागू नये म्हणून काढलेली ही पळवाट. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती बुजवली. आता करार कितीही दिवसांचा असो, लेखी करून नोंदवावाच लागतो. वाट बुजली, पण अख्खं शहर अजून तिच्यावरूनच ये-जा करतंय.

माझा मामा गिरगावात पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून कायमच्या भाड्यानं घेतलेल्या खोलीत राहतो. १९४७ च्या कायद्यानं त्याच्या चाळीचं भाडं १९४० सालच्या आकड्याला खिळवून टाकलं. आज मामा महिन्याला जे देतो, त्यात आमच्या सोसायटीत माझी स्कूटरसुद्धा उभी राहणार नाही. दर दिवाळीला त्याचा फोन येतो, "काय रे, यंदा फराळ कुठल्या पत्त्यावर धाडू?" मामासारखे चिकटतील या धास्तीनं घरमालक 'लीव्ह अँड लायसन्स'कडे वळले. त्यामुळे कायद्याच्या लेखी मी भाडेकरूसुद्धा नाही. परवानाधारक आहे. रिक्षावाल्यासारखा. फरक एवढाच, की रिक्षावाला 'नाही येणार' म्हणू शकतो.

यंदा आमचं बजेट होतं अठ्ठावीस हजार. हे ऐकून मुलुंडचा एजंट एवढ्या मायेनं हसला, की मलाच त्याची दया आली. "भांडुप बघून घ्या ना सर. सेम मुलुंडच आहे." भांडुपच्या एजंटनं मला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघाला. "स्टेशनपासून पाच मिनिटं." ही पाच मिनिटं नक्की कुठली, यावर मी बराच विचार केला आहे. रात्री दोन वाजता, रस्त्यात चिटपाखरू नसताना, उतारावरून आणि मागे पोलीस लागलेले असताना ती पाच असावीत. भांडुप पश्चिमेला डोंगर आहे हे मला भूगोलातून नाही, दुसऱ्या दिवशी पायी गेलो तेव्हा कळलं. सतरा मिनिटं. वर पोचल्यावर धाप टाकायची ती वेगळी.

पहिल्या घरात त्यानं बेडरूमचं दार उघडून 'मास्टर बेडरूम' अशी घोषणा केली. वन बीएचकेमध्ये एकच बेडरूम असते, मग ती मास्टर कुणाची? दुसऱ्या घरात फ्रिज हॉलमध्ये ठेवायचा होता आणि तो उघडला की मुख्य दार उघडत नव्हतं. तिसरं घर छान होतं. मालकांनी विचारलं, "गाव कुठलं?" बायको उत्साहानं म्हणाली, "मालवण!" मालकांनी एजंटकडे पाहिलं, एजंटनं पंख्याकडे पाहिलं. खाली उतरताना तो कळवळून म्हणाला, "वहिनी, नाशिक म्हणायचं ना."

चौथ्या घराच्या मालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहतात. भाडं बत्तीस, डिपॉझिट एक लाख. त्यांनी मालवण ऐकलं आणि "सुरमई कुठून आणता?" एवढंच विचारलं. तिथेच आमची चार हजारांची घासाघीस संपली.

कराराच्या दिवशी माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. माझा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. त्याला सहा वर्षांचा सराव आहे. मालकीणबाईंचा काही केल्या लागेना. त्यांनी तो पदराला पुसला, ओल्या फडक्यानं पुसला, मग खोबरेल लावून पुन्हा पुसला. यंत्रात लाल दिवा. "भांडी घासून घासून रेषाच गेल्या हो," त्या म्हणाल्या. आम्ही पाच माणसं त्या एका बोटावर ओणवे झालो होतो. बाईंचे यजमान सल्ले देत होते, "दाबू नकोस... अगं, जरा दाब!" दहापैकी नऊ बोटं झाली. शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली आणि हिरवा दिवा पेटला. बाई खुर्चीत मागे टेकल्या. "घर माझ्या नावावर आहे, पण सरकारला पटता पटेना. आणि तुमचं बघा, लगेच पटलं."

मग हिशोब. पहिलं भाडं बत्तीस हजार, एजंटचे बत्तीस, डिपॉझिट एक लाख. स्टँप ड्यूटी पाव टक्का, म्हणजे हजाराच्या आत, नोंदणीचे हजार. पण सेवा वगैरे धरून करारवाल्यानं तीन घेतले. टेम्पो आणि हमाल नऊ. सामानाला लिफ्ट बंद, त्यामुळे सासूबाईंनी दिलेलं लोखंडी कपाट चार हमालांनी जिन्यानं चढवलं. या कपाटानं माझ्याइतकीच घरं पाहिली आहेत, पण ते भाड्याबद्दल कधी बोलत नाही. एकूण एक लाख शहात्तर हजार. त्या रात्री आम्ही खिचडी खाल्ली.

खोकी आम्ही हल्ली फेकत नाही. स्वयंपाकघराच्या खोक्यावर 'घाटकोपर' खोडून 'विक्रोळी', ते खोडून 'कांजूर' आणि आता 'भांडुप' लिहिलंय. फास्ट लोकलनं गेलो असतो तर कमी स्टेशनं लागली असती, असं बायको म्हणते. मिक्सरचं खोकं तर तिनं अर्धवटच उघडून ठेवलंय, पुन्हा चिकटपट्टी कशाला घालवा म्हणून.

एजंट मात्र आम्हाला विसरलेला नाही. रोज सकाळी साडेसहाला त्याचा गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' असा मेसेज येतो. आज दहावा महिना लागला. आज फुलाखाली पहिल्यांदाच एक ओळ जास्तीची होती: "सर, नाहूरला एक मस्त वन बीएचके आलाय. स्टेशनपासून पाच मिनिटं."