भारी किटनं गोल्फ सुधारतो? एकेक मुद्दा तपासू

हौशी गोल्फरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचा सूर असा: ‘गोल्फ शिकायचा तर पहिल्या दिवसापासून भारी किट घ्या. नव्या ड्रायव्हरनं 20 यार्ड वाढतात. प्रो जे वापरतात तेच वापरा. स्वस्त क्लबनं हात बिघडतो. ब्रँडेड कपड्यांनी छाप पडते. नाहीच जमलं तर विकून टाका.’ खाली टाळ्यांचे इमोजी.

हौसेला मोल नसतं. लाखभर रुपयांची बॅग नुसती बघूनही कुणाला आनंद होत असेल तर त्यानं ती खुशाल घ्यावी. पण हा मजकूर हौसेबद्दल बोलतच नाही. तो म्हणतो, खेळ सुधारेल. तिथं माझी हरकत आहे.

आधी ते 20 यार्ड. क्लब म्हणजे बॉल मारायची काठी आणि ड्रायव्हर म्हणजे त्यातला सर्वांत लांब मारणारा, होलच्या पहिल्या फटक्याचा क्लब. अमेरिकेतली यूएसजीए आणि स्कॉटलंडची आर अँड ए या दोन संस्था गोल्फचे नियम ठरवतात. ड्रायव्हरच्या फेसला, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूला, उसळी किती असावी याची त्यांनी घातलेली मर्यादा ढोबळमानानं 0.83 आहे (आदळण्याच्या वेगाच्या 83 टक्के वेगानं बॉल परत उडतो), आणि क्लबचं डोकं 460 घनसेंटिमीटरपेक्षा मोठं चालत नाही. आकाराची ही मर्यादा 2004 सालची. नावाजलेल्या कंपन्यांचे ड्रायव्हर गेली कित्येक वर्षं या मर्यादेला टेकलेलेच आहेत. तरी दर मोसमात ‘आजवरचा सर्वांत लांब’ ड्रायव्हर येतो. या जाहिरातींतल्या यार्डांची बेरीज केली तर एव्हाना आपला टी-शॉट, म्हणजे होलचा पहिला फटका, शेजारच्या होलवर पडायला हवा होता. सुधारलंय ते वेगळंच: फेसच्या मधोमध न लागलेला बॉल आता पूर्वीइतका भरकटत नाही. हौशी माणसाला याचा खरंच उपयोग होतो, पण पाच-सहा वर्षं जुन्या सेकंडहँड ड्रायव्हरमध्येही तो गुण असतो. शिवाय पार 72च्या (म्हणजे 18 होल 72 फटक्यांत अपेक्षित असलेल्या) नेहमीच्या कोर्सवर चार छोटे पार-3 होल वगळले तर ड्रायव्हर जास्तीत जास्त 14 वेळा हातात येतो. पटर, म्हणजे ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) बॉल भोकात ढकलायचा क्लब, मात्र तिशी-चाळिशी सहज गाठतो आणि तो वर्षानुवर्षं बदलावा लागत नाही.

आयर्नच्या, म्हणजे मधल्या अंतराच्या धातूच्या डोक्याच्या क्लबांच्या, बाबतीतली चलाखी जरा जवळून बघण्यासारखी आहे. यांवर आकडे असतात: आकडा जितका लहान तितका फेस कमी तिरपा आणि बॉल लांब. समजा, दुकानातल्या सिम्युलेटरवर तुम्ही तुमचा जुना 7 आयर्न मारला आणि पडद्यावर 130 यार्ड दिसले. विक्रेत्यानं नवा 7 आयर्न हातात दिला, स्विंग तोच, आकडा 142. इथं खिशाकडे हात जातोच. त्याआधी दोन्ही क्लब शेजारी-शेजारी जमिनीला टेकवून फेसचा तिरपेपणा, म्हणजे लॉफ्ट, बघा. 1980च्या दशकात 7 आयर्नचा लॉफ्ट 35 अंशांच्या आसपास असे. आज हौशींसाठीच्या बऱ्याच सेटमध्ये तो 28 ते 30 अंश असतो. तळाला कोरलेला आकडा 7, पण अंश जुन्या 5 किंवा 6 आयर्नचे. कंपन्यांचं म्हणणं असं की वजन खाली आणि मागे सरकवल्यामुळे बॉल जास्त उंच उडतो, म्हणून लॉफ्ट कमी करावा लागतो. त्यात तथ्य आहे. पण वाढलेल्या अंतराचं श्रेय घेताना हे अंश कुणी मोठ्यानं सांगत नाही. आणि गोष्ट इथं संपत नाही. सगळाच सेट असा सरकल्यामुळे पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळच्या उंच फटक्यांचे जास्त तिरपे क्लब) 43-44 अंशांवर येतो आणि सँड वेज 56 वरच राहतो. मधल्या खिंडीसाठी मग आणखी एक गॅप वेज घ्या! बारा यार्डांची ‘वाढ’ आपणच विकत घेतली आणि तिनं पाडलेली भोकंही आपल्याच पैशानं बुजवली.

प्रो काय वापरतात? टायगर वुड्सनं आपल्या 15 मेजरपैकी (मेजर म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) 14 एकाच पटरवर जिंकल्या. 2016ची ओपन ही मेजर जिंकणारा हेन्रिक स्टेन्सन त्याचा जुना 3-वूड, म्हणजे ड्रायव्हरखालोखाल लांब मारणारा क्लब, वर्षानुवर्षं सोडायला तयार नव्हता. ज्यांना नवं किट फुकट मिळतं, वर ते वापरायचे पैसेही मिळतात, त्यांचीही जुन्यावरची निष्ठा बघा. शिवाय काही प्रोंच्या बॅगेतले पातळ, लहान डोक्याचे ब्लेड आयर्न आपल्या कामाचे नाहीत. प्रो दर वेळी फेसच्या त्याच जागी बॉल लावतो, आपण नाही. चुकलेल्या फटक्याची झिणझिणी कोपरापर्यंत जाते.

‘स्वस्त क्लबनं हात बिघडतो’ हा मुद्दा अर्धा बरोबर आहे. हात बिघडतो तो न जुळणाऱ्या क्लबनं. आपल्याकडे नवशिक्याचा पहिला सेट पुष्कळदा अमेरिकेतल्या काकांच्या बॅगेतून येतो. काका सहा फूट, पुतण्या साडेपाच, शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, काकांच्या वेगाला साजेसा कडक. त्यावर शिकलं तर स्विंग वाकडा होणारच, मग तो सेट कितीही महागाचा असो. लांबी, शाफ्टचा कडकपणा आणि ग्रिपची, म्हणजे मुठीची, जाडी एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यायला नव्या ड्रायव्हरच्या किमतीचा छोटासा हिस्सा पुरतो. किमतीचंच म्हणाल तर पाच मेजर जिंकलेला सेव्हे बायेस्तेरोस लहानपणी स्पेनमधल्या पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एकट्या 3 आयर्नवर शिकला. आणि मुंबईत चेंबूरच्या गोल्फ कोर्सजवळच्या वस्तीतली मुलं लोखंडी सळई वाकवून क्लब करतात आणि गल्लीबोळात प्लॅस्टिकच्या बॉलवर खेळतात. यावरून सळईनंच शिकावं असं मी म्हणणार नाही. पण किमतीशिवाय हात तयार होत नाही, हे तरी कुणी म्हणू नये.

मजकुरात 14 क्लबांचा ‘पूर्ण सेट’ही गृहीत धरलेला असतो. नियमातली 14 ही कमाल मर्यादा आहे, किमान नाही. एक हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधला क्लब), तीन-चार आयर्न, सँड वेज आणि पटर एवढ्यावर पहिलं वर्ष मजेत जातं.

कपड्यांचं फार बोलायला नको. बहुतेक कोर्सवर कॉलरचा टी-शर्ट हवा आणि जीन्स नको, एवढाच आग्रह असतो. एप्रिल-मेच्या उन्हात घाम वाळला पाहिजे, खिशावरचा लोगो तो वाळवत नाही. बूट मात्र चांगले घ्या. पावसाळ्यात ओल्या उतारावर पाय सटकला की स्विंग राहिला बाजूला, कंबर धरून घरी यावं लागतं.

छाप पडण्याचं म्हणाल, तर 18 होल एकत्र खेळताना चार तास समोरचा तुम्हाला बघत असतो. बंकरमधून निघताना वाळू सारखी केली का, ग्रीनवर बॉल आदळून पडलेला खड्डा दुरुस्त केला का, झाडीत मारलेला जादाचा फटका मोजला का, बॅग वाहणाऱ्या कॅडीशी कसं बोललात, हे सगळं त्याच्या लक्षात राहतं. तीन मिनिटांत सापडला नाही तर नियमानं बॉल हरवला. डझनाला पाच हजारांच्या पुढे मोजलेले बॉल दर दुसऱ्या होलवर झाडीत शोधत मागच्या चौकडीला ताटकळत ठेवणारा माणूसही लक्षात राहतो. बॉल हरवण्याच्या वयात कॅडीकडून सापडलेले बॉल घ्यावेत.

आता राहिलं ‘विकून टाका’. हा एक मुद्दा मला मनापासून पटतो. मजकूर वाचून घेतलेले आणि सहा महिन्यांत कंटाळून काढलेले सेट बाजारात येतात म्हणूनच बाकीच्यांना चांगला माल निम्म्या-पाव किमतीत मिळतो. फक्त घेताना ओळखीतून घ्या, कारण ऑनलाइन ‘अगदी नवा, अर्ध्या किमतीत’ म्हणून नकली क्लबही सर्रास खपवले जातात. ग्रिप गुळगुळीत झाल्या असतील तर त्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. सहसा विकणारा घासाघीस करत नाही.