मोबाइलमध्ये मराठी आहे, तुमच्या पानावर नाही

आज सकाळी आत्याला एका कार्यालयाच्या मदतवाहिनीवरून जे उत्तर मिळाले, ते ऐकून तापलेले डोके अजून उतरलेले नाही. अर्जाचे पान उघडले की मराठीच्या जागी काहीतरी भलतेच दिसते, एवढीच तिची तक्रार होती. पलीकडून सांगण्यात आले, "ताई, तुमच्या मोबाइलमध्ये मराठी नसेल. कॅशे साफ करा, नाहीतर दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा." जी बाई याच मोबाइलवरून रोज घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परिच्छेदच्या परिच्छेद मराठीत लिहिते आणि वर आमच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढते, तिच्या मोबाइलमध्ये म्हणे मराठी नाही!

बिचारीने सांगितले ते सगळे केले; कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या पानांच्या जुन्या प्रती, त्याही साफ केल्या. पान होते तसेच राहिले. संध्याकाळी मी ते लॅपटॉपवर उघडले. सगळीकडे एकच नक्षी: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्यामागे चार पाय फुटलेले गोल चलनचिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह, मग आणखी एखादे चिन्ह, की पुन्हा तोच ए. ही नक्षी एकदा ओळखीची झाली की निदानाला वेळ लागत नाही. अक्षरे यंत्रात आकड्यांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. यूटीएफ-८ या आजच्या रूढ एन्कोडिंगमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे साठवणीचे तीन छोटे कप्पे, घेते आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी तोच असतो. ते बाइट जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगने वाचले गेले की असा कचरा दिसतो. पानाच्या कोडमध्ये यूटीएफ-८ असे नीट लिहिलेले होते, पण सर्व्हर ते पान पाठवताना हेडरमध्ये, म्हणजे पानासोबत जाणाऱ्या माहितीत, आयएसओ-८८५९-१ (तेच जुने पाश्चात्त्य एन्कोडिंग) असे सांगत होता, आणि या दोघांचे जुळले नाही तर ब्राउझर सर्व्हरचेच ऐकतो. म्हणजे दुरुस्ती सर्व्हरवरच्या एका ओळीची होती. आत्याने कॅशे जन्मभर साफ केली असती तरी ती ओळ बदलणार नव्हती.

पूर्वी निदान ब्राउझरच्या मेनूत जाऊन एन्कोडिंग बदलता यायचे. क्रोमने ती यादीच काढून टाकली, आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये यादीच्या जागी 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' हा एकच पर्याय ठेवला. वाचणाऱ्याच्या हातातली साधने कमी होत गेली, दोष मात्र अजून त्याच्याच माथी.

मान्य आहे, कधीकधी खोट आपल्याच यंत्रात असते. अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नसतो, आणि पानाची मांडणी विस्कटली असेल तर कॅशेत जुनी सीएसएस, म्हणजे मांडणीची फाइल, अडकलेली असू शकते. तेव्हा कंट्रोल-एफ५ दाबावे, खासगी विंडोत उघडून पाहावे. पण औषध सांगण्याआधी "नक्की काय दिसते आहे?" एवढे विचारायला काय हरकत आहे?

खरा संताप पुढचा आहे. कंटाळून आत्याने इंग्रजी पानावरून अर्ज भरला (ते अर्थातच ठणठणीत होते, नेहमीच असते), पण नाव मराठीतच लिहिण्याची सक्ती असल्यामुळे ते मराठीत लिहिले. पावती आली, तर नावाच्या जागी '?????'. तिने ती प्रश्नचिन्हे बोटाने मोजली आणि मला म्हणाली, "अगं, सुमतीत अक्षरं तीन, इथे तर पाच आहेत. दुसऱ्याच कोणाची पावती नाही ना आली?" स, उकार, म, त आणि दीर्घ वेलांटी अशी यंत्राच्या लेखी पाच स्वतंत्र चिन्हे होतात, हे मी तिला समजावले. ती शिक्षिका होती, तिला गंमतच वाटली. मला हसू आले नाही, कारण पानावरच्या त्या नक्षीत बाइट तरी शाबूत असतात आणि मजकूर परत मिळतो. प्रश्नचिन्हे उमटली म्हणजे बहुधा युनिकोड (जगभरच्या लिप्यांमधल्या चिन्हांची सामाईक यादी) न झेपणाऱ्या डेटाबेसने नाव साठवतानाच पुसून टाकलेले असते. त्यातून सुमती पुन्हा कोणालाही काढता येणार नाही.

मदतवाहिनीवरच्या मुलावर आता माझा राग उरलेला नाही. त्याच्यासमोर तीन उत्तरांचा कागद असणार, त्यातले एक त्याने वाचले. राग आहे तो पान चढवून ते एकदाही मराठीत उघडून न पाहणाऱ्यांवर. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवतात आणि शिरोरेषेचे तुकडे पाडतात. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवतात आणि मात्रा, रफार छाटले जातात. 'शेतकऱ्यांसाठी' योजना जाहीर करतात आणि त्यातला 'ऱ्या' धड उमटत नाही. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे. फॉन्ट उतरवून घेतल्याशिवाय मराठी वाचता येत नसे ते दिवस कधीच सरले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनीच अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या. त्या अभिजात भाषेत एका शिक्षिकेचे तीन अक्षरी नाव साठवता येत नाही.

उद्या पावती, पानाचा स्क्रीनशॉट आणि हेडरची ती ओळ छापून घेऊन आम्ही दोघी त्या कार्यालयात जाणार आहोत. तुमच्यातले बरेच जण अशी पाने बनवण्याच्या धंद्यात आहेत, म्हणून एवढेच मागते: चाचणीसाठी रकान्यात 'टेस्ट टेस्ट' टाकून मोकळे होऊ नका. 'कुऱ्हाडे', 'ज्ञानेश्वर', 'ॲड. सुमती' असे काहीतरी लिहा, ते साठवा, पावती छापा आणि ती स्वतः वाचा.